रेवतीच्या भुईमुगाच्या गाठी

रेवती गावंडे या शाळकरी मुलीच्या पत्राला मी अकरा दिवस उत्तर दिलं नव्हतं. तिच्या शाळेत भुईमुगाचे दोन वाफे होते. एकाला भरपूर युरिया, दुसऱ्याला काहीच नाही. तिनं लिहिलं होतं, "माझ्या बिनखताच्या झाडांच्या मुळांवर मण्यांसारख्या गाठी आल्यात. खताच्या वाफ्यात एकही नाही. सगळे म्हणतात, रोग आहे. येता रविवार सोडून पुढच्या रविवारी माझा वाफा उपटून जाळणार. खरंच रोग आहे का?"

माती हा माझा आयुष्यभराचा विषय, म्हणूनच तिनं मला विचारलं होतं. तरी पेन उचललं की वाटे, आपलं चुकलं तर?

शनिवारी सकाळी माझ्या नातीनं, शर्वरीनं, ते पत्र वाचलं.

"अकरा दिवस? आजोबा, मी गृहपाठ असा ठेवला असता तर?"

"अगं, गाठी दोन प्रकारच्या असतात. काही सूत्रकृमींमुळे (मुळांत शिरणारे अतिसूक्ष्म कृमी) होतात. तो रोग. आणि दुसऱ्या..."

"मुंगळ्याला पाठवू!"

मुंगळा म्हणजे आमचा तांदळाच्या दाण्याएवढा यंत्रमानव. तो परसातल्या भुईमुगाखाली शिरला आणि भिंतीवर एका गाठीचं चित्र उमटलं. आत जिवाणूंची दाटी होती.

"हे रायझोबियम (शेंगांच्या पिकांच्या मुळांत राहणारे जिवाणू)," मी म्हणालो. "हवेच्या शंभर भागांतले अठ्ठ्याहत्तर भाग नायट्रोजन (नत्र) असतो. पण त्याचे अणू जोडीजोडीनं इतके घट्ट बांधलेले, की झाडाला तो घेता येत नाही. हे जिवाणू जोडी सोडवून अमोनिया बनवतात. झाड त्यांना साखर देतं."

"म्हणजे झाडानं स्वयंपाकी ठेवलेत!"

"आणि युरिया म्हणजे आयता डबा. भरपूर डबे आले तर स्वयंपाकी कोण ठेवील?"

"म्हणून तिकडे गाठी नाहीत! पण उरलेल्या डब्यांचं काय?"

"मातीतले दुसरे जिवाणू त्या युरियाचं नायट्रेट (पाण्यात सहज विरघळणारा क्षार) करतात. पिकानं घेऊन उरलेलं पाण्याबरोबर विहिरीपर्यंत झिरपतं. काही भागाचा तिसरेच जिवाणू पुन्हा वायू करून हवेत सोडतात."

"हवेतून मातीत, मातीतून हवेत!"

"हेच नायट्रोजनचक्र."

"मग लिहा ना, रोग नाही म्हणून."

"तिच्या गाठी मी पाहिल्या कुठे?"

"तिच्यासमोर आहेत ना! ओळखायच्या कशा, तेवढं कळवा."

इतकी साधी गोष्ट मला अकरा दिवसांत सुचली नव्हती. मी लिहायला बसलो.

"प्रिय रेवती, उशीर झाला, क्षमा कर. सगळ्यांसमोर एक झाड मातीसकट अलगद काढ. गाठ नखानं सहज सुटली आणि कापल्यावर आत लालसर दिसली, तर तो रोग नाही; हवेतला नायट्रोजन झाडाला मिळवून देणारे जिवाणू तिथं कामावर आहेत. वाफा जाळू देऊ नकोस. मूळच फुगलेलं असेल, गाठ सुटत नसेल, तर रोगाची शंका खरी; तेही मला कळव. गव्हाच्या मुळांवर मात्र अशा गाठी येत नाहीत. त्या आणता आल्या तर गव्हालाही खत कमी लागेल; कशा आणायच्या, हे तुमच्या पिढीनं शोधायचं आहे."

शर्वरीनं गच्चीवर उतरलेल्या टपालड्रोनमध्ये पाकीट टाकलं. तो उडाला तेव्हा शनिवारचे सकाळचे दहा वाजले होते; संध्याकाळपर्यंत पत्र रेवतीच्या हाती पडणार होतं.