ब्रेकची हवा काढायला दोघं लागतात

"तो फिल्टर माझा आहे."

तिनं लगेच मागे वळून पाहिलं नाही. फळीवर ऑइल फिल्टरचा एकच डबा उरला होता. त्या डब्यावर तिचा हात होता, आणि तिच्या हातावर आणखी कुणाचा तरी.

"तुमचा? नाव लिहिलंय का त्यावर?"

"नाव नाही... पण फोन करून ठेवायला सांगितलं होतं मी."

सुट्या भागांच्या त्या दुकानाचा मालक काउंटरमागून म्हणाला, "सांगितलं होतं हो त्यांनी. पण ते दर महिन्याला सांगतात, येऊन बघतात, नि न घेताच जातात."

आता मात्र ती वळली. उंच, जरासा वाकून उभा राहणारा, चष्मा शर्टाच्या टोकानं पुसत असलेला एक माणूस. कान लालबुंद झालेले. हात त्यानं कधीच मागे घेतला होता.

"न घेताच का जाता?"

"माझी योजना पूर्ण व्हायचीय अजून."

"तेल बदलायची... योजना?"

"तेल, मग ब्रेक, मग कूलंट. कशानंतर काय, कुठलं हत्यार, कुठे काय बिघडू शकतं... सगळं घरीच करायचं म्हटलं तर आधी विचार नको का? वापरलेली आलिशान गाडी म्हणजे—"

"—उतरत्या वयातली नटी. नखरे तेच, सांधे वेगळे."

तो हसला. हसताना त्याचा वाक कुठच्या कुठे गेला, आणि तिच्या लक्षात आलं की डबा आपण जरा सैलच धरलाय.

दोघांची गाडी एकाच मॉडेलची निघाली. तिची काळी, त्याची चंदेरी. तो नगररचनेच्या कचेरीत रस्त्यांचे नकाशे काढायचा. ती दातांची डॉक्टर.

"फिल्टर तुम्ही न्या," तो शेवटी म्हणाला. "पण एका अटीवर. तुम्ही ती गाडी खरंच उघडताना मला बघायचंय."

"तिकीट लागेल," ती म्हणाली आणि पत्ता सांगून निघूनही गेली.

ही गाडी तिनं हौसेनं घेतली होती. लेदरच्या सीटा, लाकडी डॅशबोर्ड, दार लावलं की बाहेरचं जग बंद. पण कंपनीच्या वर्कशॉपनं पहिल्याच सर्व्हिसचा आकडा सांगितला तेव्हा तिनं चहाचा कप खाली ठेवला. घरी येऊन आत्याला म्हणाली, "मी रोज लोकांच्या तोंडात ड्रिल चालवते. मला एक बोल्ट काढता येऊ नये?"

आत्या तिच्याबरोबरच राहायची. ऑपरेशन थिएटरची निवृत्त नर्स, जन्मभर सर्जनांच्या हातात बरोबर ते हत्यार ठेवलेलं. "मला खुर्ची टाक," ती एवढंच म्हणाली. "मी देत जाईन."

रविवारी तो आला. एका हातात लोखंडी स्टँडची जोडी, काखेत कागदाची गुंडाळी. घरामागच्या सपाट फरशीवर गाडी जॅकवर चढवलेली होती आणि ती बाह्या सरसावून आता खाली शिरणारच होती.

"थांबा!"

आवाज असा होता की ती खरंच थांबली. दुकानातला तो चाचरणारा माणूस हाच, यावर तिचा विश्वास बसेना.

"जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही. कधीच नाही." त्यानं स्टँड लावले, गाडीला खांद्यानं धक्का देऊन पाहिला, आणि मग कुठे त्याचे कान पुन्हा लाल झाले. "आता... जा."

गुंडाळी उलगडली तर आत गाडीचा पोटाखालून काढलेला नकाशा. चार रंगांत.

"हे तुम्ही काढलंत?"

"रस्त्यांपेक्षा सोपं. यावर अतिक्रमण होत नाही."

"मग आजपासून तुम्ही नकाशे," तिनं जाहीर केलं. "आडनावासारखं शोभतं तुम्हाला."

"पाना," तिनं हात पुढे केला. आत्यानं तळहातावर पाना ठेवला, असा की टाळीच वाजावी. गरम तेल आधी भसाभसा, मग काळ्या रेशमाच्या धाग्यासारखं परातीत उतरलं. नवा फिल्टर बसला, नव्या वायसरसकट बोल्ट बसला, आणि बरोबर जोर लागल्यावर कट् असा आवाज करणारा त्याचा पाना आवाज करून मोकळा झाला. ती बाहेर सरकली तर तो तिच्याकडे बघत होता... मग आपल्याच गालाला बोट लावून काहीतरी सुचवत होता.

तिनं उजवा गाल पुसला.

"दुसरा."

तिनं हनुवटी पुसली.

त्यानं फडकं पुढे केलं—आणि अर्ध्या वाटेत हात थबकला.

"पुसा की," ती म्हणाली. "मी रोज परक्यांच्या तोंडात हात घालते. गालाचं काय एवढं?"

त्यानं पुसलं. फार सावकाश. काचेवरची धूळ पुसावी तसं. तिला हसू आवरायचं होतं, पण झालं भलतंच. श्वासच आवरला गेला.

"कुणाची नाडी बघायचीय का?" आत्यानं खुर्चीतून विचारलं. "बसल्याबसल्या बघते."

मग रविवार त्यांचेच झाले. एअर फिल्टर, स्पार्क प्लग, कूलंट. तो क्रम लावायचा, ती हात घालायची. तिला घाई झाली की तो म्हणायचा, "डॉक्टर, भूल दिलीत का आधी?" आणि तो विचारात बुडाला की ती म्हणायची, "नकाशे, रस्ता संपला, आता चाला." चंदेरी गाडी मात्र त्याच्या घरी होती तशीच होती. तिचा रविवार दर वेळी पुढच्या रविवारावर जायचा. ती चिडवायची. तो हसायचा. पण निघताना फाटकापाशी तो जरा जास्तच रेंगाळायचा, आणि तीही आत जायची घाई करत नसे.

पुढच्या ब्रेकमधून करकर येऊ लागली तेव्हा तो म्हणाला, "पॅड बदलू. पण येत्या रविवारी, दोघं मिळून. ब्रेक म्हणजे तेल नव्हे, डॉक्टर. तुम्ही वाट बघाल ना?"

"बघेन की."

बुधवारी दुपारी तिचे दोन पेशंट आले नाहीत. आत्या मैत्रिणीकडे गेलेली. नवे पॅड कपाटात होते. वाट बघणं तिला कधीच जमलं नव्हतं, आणि आता तर हातही बसला होता! त्याला रविवारी गाडी तयार दाखवायची, त्याचं तोंड बघायचं... ते चित्र डोळ्यांसमोर ठेवूनच ती कामाला लागली. जुने पॅड निघाले. पॅड दाबणारा पिस्टन मात्र आत जाईना, म्हणून तिनं ब्रेक ऑइल काढायचा बारीक नटही सैल केला. पिस्टन गेला. नट आवळला. दुसरं चाकही तसंच. तास-दीड तासात काम फत्ते. तिनं गाडी सुरू केली आणि घरापुढच्या उतारावर घेतली.

उतारावर तिनं पेडल दाबलं. पेडल खाली गेलं. पार तळापर्यंत, लोण्यात बोट जावं तसं. गाडी थांबली नाही.

आणि फाटक उघडून तो आत येत होता, काखेत ब्रेकच्या नकाशाची गुंडाळी.

तिनं हँडब्रेक जिवाच्या आकांतानं ओढला. गाडी तिरकी झाली, आत्याच्या कुंड्यांची रांग चिरडत गेली आणि थांबली. त्याच्या गुडघ्यांत आणि बंपरमध्ये एक वीत उरली होती.

ती दार उघडून उतरली.

"लागलं का?"

"तुम्ही वाट बघणार होतात." त्याचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त झोंबला. "हा उतार पुढे रस्त्यावर जातो, डॉक्टर. हँडब्रेक लागला नसता तर... तुम्ही कुठे थांबला असतात?"

चूक कळत होती. पण भीती वाटली की तिला नेहमी राग यायचा.

"तुमची वाट बघत बसले असते तर गाडीला नातवंडं झाली असती! एक बोल्ट तरी फिरवलात का आजवर? नुसती चित्रं!"

तो वाकूनच, सांडलेली माती पायानं बाजूला सारून, फाटक नीट लावून निघून गेला.

रविवारी तो आला नाही. आत्यानं खुर्ची मांडली, बसून पाहिली, नि उचलून आत नेली. "नट तू सैल केलास, पॅड तू बदललेस," ती म्हणाली, "मग फोन करायची पाळी त्याची कशी?"

"फोन नाही," ती म्हणाली. "जाते."

गेली ती चालतच. वाटेत तिनं काय बोलायचं ते मनात घोकलं आणि त्याच्या गल्लीत शिरताना सगळं विसरली. शेडचं दार उघडं होतं. चंदेरी गाडी स्टँडवर उभी. खालून लांबलचक पाय बाहेर आलेले. फरशीभर तेल, तेलात त्याचा चष्मा, आणि त्या सगळ्याच्या मधोमध उपडी पडलेली परात.

"नकाशे?"

पाय दचकले. ठण्ण! वर कुठेतरी डोकं आपटलं.

तो सरकत बाहेर आला. कपाळापासून कोपरापर्यंत काळा. "बोल्ट काढला," तो म्हणाला. "परात सरकवायची राहिली."

"योजनेत होती का परात?"

"योजना काढलीच नाही. राग आला होता."

"माझा?"

"आधी तुमचा. मग..." त्यानं तेलातला चष्मा उचलला, पुसायला शर्टाचं टोक धरलं, तेही काळं. "तुम्ही म्हणालात ते खरं होतं, त्याचा."

तिनं पर्समधला रुमाल काढला, चष्मा त्याच्या हातून घेतला आणि काचा पुसल्या. मग त्याच्या डोळ्यांवर तो स्वतःच चढवला, दोन्ही काड्या नीट कानांमागे.

"मी वाट बघायला हवी होती," ती म्हणाली. "तुम्ही फाटकात होतात ना... अजूनही मध्येच आठवतं आणि हात गार पडतात. चुकलं माझं. हे मी फारदा म्हणत नाही, तेव्हा नीट ऐकून घ्या."

"ऐकलं," तो म्हणाला. आणि हसला.

"आता नट सैल केला तिथून माझ्या ब्रेकमध्ये हवा शिरलीय. ती काढायला दोन माणसं लागतात. एक पेडलवर, एक चाकाशी."

"आत्या आहेत की."

"आत्याला विचारलं. म्हणाली गुडघे दुखतात. आणि जिना चढून गच्चीवर गेली."

मग दोघांनी मिळून त्याची फरशी पुसली, चंदेरी गाडीत तेल भरलं, आणि स्टँडच्या दोन जोड्या घेऊन दोघं तिच्या घरी आली. काळी गाडी मागच्या फरशीवर, चारी स्टँडवर. ती पेडलवर. तो मागच्या चाकाशी, पारदर्शक नळी बाटलीत सोडून.

"दाबा."

"दाबलं."

"धरून ठेवा." नट सैल. पेडल हळूहळू खाली गेलं. नट बंद. "सोडा."

पुन्हा. आणि पुन्हा. मागचं दुसरं चाक झालं. मग तो पुढच्या चाकाशी आला, जिथे हवा शिरली होती, आणि नळीतून बुडबुडे पळायला लागले.

"निघतेय का?"

"निघतेय. गाडीतली," तो खालून म्हणाला. "डोक्यातल्या हवेला वेगळा नट लागतो."

"नकाशे, माझ्या पायाखाली पेडल आहे, हे विसरू नका."

तो हसला. ती हसली. दुपारचं ऊन काचेतून तिच्या मांडीवर पडलं होतं. तिला तो दिसत नव्हता, फक्त त्याचा आवाज.

"दाबा."

"दाबलं."

"धरा." नट सैल झाला, पेडल तळाला गेलं. पुढचा शब्द मात्र येईना.

"नकाशे?"

"डॉक्टर... मला तुम्ही फार आवडता. रविवारीच नाही. रोजच." मग घाईघाईनं, "पाय काढू नका! नट उघडा आहे. काढलात तर सगळी हवा परत आत."

ती पेडल धरून तशीच बसली. छातीत काय चाललंय ते आत्यानं गच्चीवरूनही मोजलं असतं.

"म्हणजे पळून जाता येणार नाही असं बघून विचारताय?"

"हो... चुकलं का?"

"तोंडात कापूस घालून मी लोकांना सुट्टीत कुठे जाणार ते विचारते," ती म्हणाली. "मला कळतं हे. आधी नट बंद कर."

खाली पाना खणकला.

"तुम्ही... 'कर' म्हणालात?"

"म्हणाले. कर बंद. आणि बाहेर ये."

नट आवळल्याचा आवाज आला. ती उतरली, बॉनेटला वळसा घालून गेली आणि चाकापाशी उकिडवी बसली. तो फरशीवर उताणा, हातात पाना, चष्मा वाकडा. नजर तिच्याकडे होती, आणि या वेळी त्यानं ती वळवली नाही.

"तू मला दुकानातच आवडला होतास," ती म्हणाली. "फिल्टर माझ्या हातात होता, आणि तरी मी बोलत राहिले. मी कामाशिवाय कुणाशी बोलत नाही."

तिनं त्याच्या कपाळावरचा काळा डाग अंगठ्यानं पुसला. तो पसरला फक्त.

"एक चाक राहिलंय," बऱ्याच वेळानं तो म्हणाला.

"माहितेय. ऊठ. आता तू बस आत. मी खाली जाते."

तो आत बसला, सीट मागे सरकवली. ती पाना घेऊन शेवटच्या चाकाशी आडवी झाली. नळी लावली, नटावर पाना बसवला.

"दाब."

"दाबलं."

तिनं नट फिरवला. नळीतून ब्रेक ऑइल संथ, स्वच्छ, मधासारखं उतरलं. त्यात एकही बुडबुडा नव्हता. आता बंद करायला हरकत नव्हती.

तिनं मुद्दामच जरा उशीर केला.

"सोडू नकोस," ती म्हणाली.

"नाही सोडत," तो म्हणाला.