कुलपावरचा चुना

अंजनाबाईंना पहिल्यांदा खटकलं ते कुलूप. भिंतीला नवा चुना दिला होता, ते ठीक. पण भिंतीबरोबर कुलपालाही दिला होता. कडी पांढरी, कुलूप पांढरं, किल्लीचं भोकसुद्धा चुन्यानं बुजलेलं.

तात्याबा हे सांगत होते ते आष्ट्याच्या मळ्यात, गुऱ्हाळावर. सन एकोणऐंशीचा डिसेंबर, वीज गेलेली, उजेड काय तो चुलवणाच्या जाळाचा. काहिलीत रस रटरटत होता आणि पोरं घोंगड्यात पाय ओढून बसली होती. तात्याबांनी आधीच बजावलं, "भुताची म्हणून ऐकू नगा. वळखीच्या बाईची हाय. तुरुंगाचं नाव इचारू नगा. सातारा-सांगलीकडचाच हाय, एवढं पुरं."

तर अंजनाबाई मिरजेच्या. सव्वीस वर्षांच्या, कॉलेजात शिकवायच्या. सरकारनं त्या तुरुंगावर अभ्यागत नेमले होते. म्हणजे सरकारी नोकरीतली नव्हेत अशी चार माणसं. त्यांनी आत जायचं, जेवण चाखायचं, कैद्यांना विचारायचं आणि शेवटी नोंदवहीत खरं काय ते लिहायचं. चौघांत एक बाई हवी, म्हणून ह्या. शिकलेल्या होत्या, पण जीव चिमणीचा. पाल चुकचुकली तरी दचकायच्या.

पहिली भेट अठ्ठ्याहत्तर सालच्या सात ऑक्टोबरची. येते म्हणून पत्र आठ दिवस आधीच गेलेलं. वाटेत एस.टी. बंद पडली आणि पोचेपर्यंत तिन्हीसांज झाली. फरशा धुतलेल्या होत्या, कैदी नव्या चादरींवर ओळीनं बसलेले, वरणावर तुपाचा तवंग. "काही तक्रार?" बाई विचारत. "न्हाई." सगळ्यांचं एकच उत्तर, एकाच सुरात, पाठ केलेल्या कवितेसारखं.

अगदी टोकाला तीन कोठड्या. दोन उघड्या आणि तिसरीला ते पांढरं कुलूप.

"ही?"

"अडगळ आहे बाई," जेलर म्हणाला. "वर्षभर उघडलेली नाही."

तेवढ्यात आतून अल्युमिनियमची थाळी फरशीवर सरकावी तसा आवाज आला. बाईंच्या हातातली पर्स खाली पडली. तरी धीर करून त्यांनी दाराला तोंड लावलं आणि हाक मारली, "आत कोणी आहे का?"

एकच हाक.

आतलं सगळं गप्प झालं. जेलर हसला. "उंदीर ओ देत नसतात, बाई." बरोबरचे शिपाईही हसले. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ऑफिसात येऊन त्यांनी वहीत लिहिलं, 'व्यवस्था समाधानकारक. तक्रार नाही.' खाली सही केली. मग चहा घेतला.

"च्या घेतला," तात्याबा पुन्हा म्हणाले आणि चुलवणात थुंकले.

नोव्हेंबर सरता सरता बाईंच्या दारात एक म्हातारी येऊन बसली. हरणाबाई. जतकडची, मेंढरांमागं हयात गेलेली. तिचा लेक कोंडीबा त्याच तुरुंगात होता. मेंढरं कुणा बड्याच्या उसात शिरली, एवढ्यावरून त्याला चोरीत अडकवला होता. खटला उभाच राहिला नव्हता.

"जेलर म्हंतो, दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी सोडला," म्हातारी म्हणाली. "मग घरला का न्हाई आला? कागुद दावला मला. म्हंतो, सुटताना डावा अंगठा उठवून गेलाय. आवं, त्येला डावा अंगठाच न्हाई! ल्हानपणी चरकात गेला. चारच बोटं हायती त्या हाताला!"

बाईंनी तिच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

"मग तुमचं अक्षार दावलं. म्हनला, मिरजंच्या बाई सोता बगून लिवून गेल्यात, समदं बरं हाय. म्हून तुमच्याकडं आलो."

तेव्हा बाईंनी तिला कुलपाचं सांगितलं, थाळीचं सांगितलं, हाक मारल्याचंही सांगितलं. म्हातारीनं मान वर केली.

"किती हाका मारल्या?"

"एक."

"दिवस बुडाल्यावर?"

"हो."

हरणाबाईनं अंगणाकडं तोंड फिरवलं. मग हळू आवाजात म्हणाली, "अंधारात एका हाकेला आमच्यात ओ देत न्हाईत, बाई. भूत एकडाव हाक मारतंय. तीन मारल्या तरच माणूस. रानात मेंढरामागं ऱ्हानारी माणसं आमी... म्याच शिकिवलं हुतं त्येला."

त्या रात्री बाईंना झोप लागली नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा ती भीतीनं नव्हे. त्यांनी वरच्या साहेबांना पत्र लिहिलं. चौथ्या दिवशी उत्तर आलं. 'आपल्याच शेऱ्यानुसार सदर तुरुंगातील व्यवस्था समाधानकारक असल्याने चौकशीचे कारण दिसत नाही.' बाईंनी तो कागद फाडला नाही. नीट घडी घालून पर्समध्ये ठेवला.

डिसेंबरची नऊ तारीख, शनिवार. संध्याकाळचे साडेसात. पत्र नाही, निरोप नाही, बाई थेट फाटकाशी उभ्या. फाटकाच्या पहाऱ्यावर एकच शिपाई होता.

"सायब घरी गेले, बाई. सोमवारी या."

"अभ्यागताला कोणत्याही वेळी आत जाता येतं. नियम आणलाय बरोबर. वाचून दाखवू?"

शिपायानं फाटकातली छोटी दिंडी उघडली आणि कंदील घेतला.

बराकींना कुलपं पडली होती. चादरी गायब, फरशीवर ओल, नाकात मुताचा वास. गजांमागून एकानं थाळी पुढं केली. "आज चाखा की, बाई." काळी भाकरी आणि पाण्यात पोहणाऱ्या अळ्या. बाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, तोंडात घातला आणि गिळला. कुणी हसलं नाही.

मग टोकाची कोठडी. दोन महिन्यांत सगळी भिंत धुरानं पिवळी पडली होती. कुलूप तेवढं पांढरं. बाईंनी बोट लावलं... बोट ओलं झालं.

"हे आज लावलंय?"

"न्हाई, बाई," शिपाई म्हणाला. "रोज पुसतो. रोज वला असतोय."

"आत कोण होतं?"

शिपायानं कंदील खाली घेतला.

"कोण होतं आत?"

"तुमी येनार म्हून त्येला हितं घातला," शेवटी तो बोलला. "लय बोलका गडी. जेवनातलं किडं बाईला दावनार, म्हनायचा. तुमी गेल्यावर काडायचा हुता. पन सायब त्याच राती दसऱ्याच्या सुट्टीवर गेलं. किल्ली एकच, त्यांच्या खिशात."

"आणि तुम्ही?"

"हुकूम न्हवता, बाई."

"कुलूप तोडायला हुकूम लागतो? दाराखालून पाणी सोडायला हुकूम लागतो?"

"चार दिस थाळी वाजवत हुता. पाचव्या दिशी... सायब परत आलं. रातचं नेला. कुटं नेला, म्या..." तात्याबा अडखळले. "त्या शिपायालाबी ठावं न्हाई."

तात्याबा थांबले. चुलवणात चिपाड घालायचं कुणाच्या ध्यानात नव्हतं. जाळ खाली बसला होता.

"मग फुडं?" पुतण्या सिद्धूनं विचारलं.

"फुडं काय! बाईंनी त्याच राती वहीत आपली जुनी वळ खोडली, दोन पानं नवी लिवली, आन् त्या अंगठ्याच्या कागदाची नक्कल घिऊन कलेक्टराच्या दारात जाऊन बसल्या. सोमवारी कुलूप तोडलं. आत काय बी न्हाई. झाडून लख्ख. आतनं त्या कोठडीला जल्मात चुना दिला न्हवता. पन दाराच्या आतल्या अंगाला... गुडघ्याएवढ्या उंचीवर... हात उमटलेला. पांढरा, वला. चार बोटं. अंगठ्याची जागा मोकळी. कारकुनानं फडक्यानं पुसला. पंचनामा लिवस्तवर पुन्यांदा हुताच. त्या भाद्दरानं लिवलं, 'भिंतीस ओल.'"

"जेलरचं काय झालं?"

"बदली!" तात्याबांनी हातातलं चिपाड मोडलं. "त्याच्या गावाजवळ बदली! मानूस मारला, तर घराजवळ बदली. म्हातारीला मडं बी दिलं न्हाई कुनी."

"आन् त्यो शिपाई?"

तात्याबा बोटांच्या शेंड्यांकडं बघत राहिले. मग ती घोंगड्याला पुसली. "नोकरी सोडली त्येनं."

सिद्धू म्हणाला, "तात्या, पन हाका? त्या राती बाईंनी हाका मारल्या का न्हाई?"

...मारल्या.

शिपाई नको नको म्हणत होता. बाईंनी गुडघे टेकले आणि दाराला तोंड लावलं.

"कोंडीबा!"

काही नाही. लांब बुरुजावरून पहारेकऱ्याची आरोळी आली, "सब ठीक हाऽय!" आणि विरली.

"कोंडीबा!"

थाळी सरकली. दाराकडं. अगदी जवळ.

"बाई, बास," शिपाई कुजबुजला. त्याच्या हातातला कंदील हिंदकळला. "तिसरी नगा मारू. पाया पडतो..."

बाईंना पळून जावं असं वाटत होतं. पर्समध्ये तो कागद होता. त्या कागदात त्यांचेच दोन शब्द होते.

त्यांनी ओल्या कुलपावर हात ठेवला.

"कोंडीबा! मी माणूस आहे रे..."

कंदील विझला.

अंधार... शांतता... मग दारापलीकडून, गुडघ्याएवढ्या उंचीवरून, दिवसचे दिवस पाणी न मिळालेल्या घशातून...

"ओ," आवाज आला. "तक्रार हाय, बाई."