चंद्रावरच्या लिंबांचं मीठ

मिठाच्या बंद पिशवीवर छापलं होतं ‘एक किलो’. काट्यावर ठेवली, तर आकडा आला एकशे सहासष्ट ग्रॅम!

“टिल्लू, मीठ खाल्लंस?” शर्वाणीनं यंत्रमानवाला दरडावलं.

“मी? मला गंज चढेल, बाईसाहेब!”

चंद्रावरच्या वसाहतीत यंदा पहिल्यांदाच लिंबं आली होती, तीही दहा वर्षांच्या शर्वाणीनं वाढवलेल्या झाडाला. लोणच्यासाठी फोडी चिरून तयार होत्या. चार वाटे लिंबांना एक वाटा मीठ, हे घरचं प्रमाण. पण काट्यावर फोडी सातशे ग्रॅमही भरल्या नव्हत्या. त्या हिशेबानं ती छापील एक किलोच्या पिशवीतलं थोडंसंच मीठ घेणार होती. मीठ कमी पडलं की बुरशी, आणि सगळी लिंबं वाया!

“आत्याआजी, काटा बिघडला!”

मनोरमाबाई, वसाहतीतल्या सर्वांत जुन्या शास्त्रज्ञ, हसल्या. “बिघडला नाही गं. तो पृथ्वीवरचा आहे. त्याची स्प्रिंग ओढ मोजते, आणि चंद्राची ओढ पृथ्वीच्या सहाव्या हिश्शाएवढीच. पिशवीवर छापलंय ते वस्तुमान (वस्तूत किती द्रव्य आहे त्याचं माप).”

“ते सगळीकडे कॉन्स्टंट,” टिल्लूनं तोंड घातलं.

“कॉन्स्टंट म्हणजे?”

“न बदलणारं,” मनोरमाबाई म्हणाल्या. “मूळ लॅटिन. ‘कॉन’ म्हणजे एकत्र, ‘स्तारे’ म्हणजे उभं राहणं. पाय रोवून उभं, ढळणार नाही असं. आणि हे ‘स्तारे’ आपल्या संस्कृत ‘स्था’चं भावंड बरं का! स्थान, स्थिर, सगळी त्याच घरची. देवरुखच्या शाळेत मास्तर फळ्यावर ‘स्थिरांक’ (न बदलणारी संख्या) लिहायचे. पुढं कॉलेजात सगळे कॉन्स्टंट, कॉन्स्टंट करायला लागले, तरी मी बुजले नाही. अर्थ घरूनच नेला होता.”

शर्वाणी पुटपुटली, “एकत्र उभं...” आणि एकदम ओरडली, “तराजू! ओढ कमी झाली, तर दोन्ही पारड्यांची सारखीच कमी होईल ना?”

मनोरमाबाईंनी तराजूचं नावही काढलं नव्हतं.

शर्वाणीनं एका दांडीला दोन झाकणं टांगली. एकीकडे फोडी. दुसरीकडे मिठाची एक पिशवी, दोन, तीन... चौथी ठेवली आणि दांडी आडवी झाली.

“चार किलो लिंबं! म्हणजे अख्खी पिशवी लागणार!” तिनं एक पिशवी फोडींवर रिकामी केली.

“आणि मंगळावर?” टिल्लूनं विचारलं.

“तिथंही तराजूच. आणि तिथल्या पहिल्या लोणच्याचं मीठ मीच मोजणार.”

“तूच मोज हो,” मनोरमाबाई म्हणाल्या, आणि खारट हातांच्या त्या पोरीला त्यांनी पोटाशी धरलं.