कोरडं झाकण

मासुनोबाईंनी साराच्या वाटीवरचं झाकण उचललं, खिडकीच्या उजेडाकडे तिरकं धरलं, आणि त्यांचा हात तसाच अधांतरी राहिला. लाखेच्या त्या काळ्याभोर झाकणाला आतून एकही थेंब लागलेला नव्हता.

अकरा वर्षं रोज सकाळी, बर्फ पडो की वादळ येवो, घरात यात्रेकरूंची झुंबड असो की सामसूम, धाकट्या लेकाच्या रिकाम्या जागेपुढे हे ताट मांडलं जात होतं. घरातलं माणूस वाटेवर असलं की त्याच्या नावाने ताट वाढायचं, म्हणजे जिथे असेल तिथे ते उपाशी राहत नाही, ही आमच्या कोगुची गावातली जुनी रीत. आणि वाटीवरचं झाकण उचललं की आत थेंब लटकलेले दिसायला हवेत. दिसले तर माणूस सुखरूप. नाही दिसले तर... ते वाक्य आमच्याकडे कोणी पुरं करत नाही.

"किनुए," सासूबाईंनी हाक मारली. आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच स्वयंपाकघरातली सून दचकली.

"आले, आई."

पण ती लगेच गेली नाही. सहा यात्रेकरू घाट चढायला निघणार होते, त्यांच्यासाठी मोहरीच्या खारवलेल्या पानांत भाताचे गोळे बांधायचे होते, आणि तिच्या हातून दोनदा पान फाटलं होतं. सार तिने वाढलं होतं, नेहमीसारखं उकळतं, सगळ्यांच्या आधी. मग एप्रनच्या आतली चिठ्ठी तिने पुन्हा एकदा उघडली, कालपासून सातव्यांदा, आणि वाचता वाचता वाटी उघडीच राहिली. सार पार निवलं, आणि मग कुठे तिला झाकणाची आठवण झाली.

चिठ्ठी दूरच्या एका देवळातून आली होती. सोबत एक पुडकं होतं. "तुमच्या घरचे तेइजी-सान नऊ वर्षं आमच्या पायऱ्या झाडत होते. गेल्या महिन्यात छातीच्या तापाने गेले. हा अंगरखा घरी पोचवावा, एवढंच सांगून गेले."

किनुए या घरात सून म्हणून आली तेव्हा घरात दोन लेक होते, थोरला इसाओ आणि तिचा नवरा तेइजी. दोघे कात्सुउराच्या बंदरातून एकाच बोटीवर मासेमारीला जात. एका हिवाळ्यात बोट उलटली. तेइजी परत आला, इसाओचा देहसुद्धा आला नाही. रिकाम्याच शवपेटीपुढे धूप जाळला गेला, आणि सातव्या दिवशी, धाकट्या लेकाकडे न बघता, मासुनोबाईंच्या तोंडून शब्द निघून गेले: "दोघांतला एकच यायचा होता, तर तूच का आलास?"

दुसऱ्या सकाळी यात्रेकरूचा पांढरा अंगरखा चढवून तेइजी चुलीपाशी आला आणि बायकोला म्हणाला, "तेहेतीस देवळांची यात्रा करायला निघालोय. आलो नाही तर शोधू नकोस. आणि मी घर का सोडलं ते आईला कधी कळू देऊ नकोस. दुःखात बोलली ती, तिला आठवतही नसेल. कोणी विचारलंच तर सांग, तुझ्याशी भांडून गेला."

"आणि मी गावात तोंड कसं दाखवू?"

"मला दुसरं कोण आहे, किनुए, ज्याच्यावर हे टाकावं?"

त्या एका वाक्यावर तिने अकरा वर्षं काढली. विहिरीवर ती आली की बायका गप्प व्हायच्या, ती गप्पच राहिली. सासूबाई मुक्कामाला आलेल्या परक्या माणसांपुढे म्हणायच्या, "ही माझी सून. हिची जीभ म्हणजे मासे कापायची सुरी. माझा पोरगा घायाळ होऊन घराबाहेर पडला." आणि ती खाली मान घालून चहात शिजवलेली पेज वाढत राहायची... हो आई, चुकलं आई.

मासुनोबाई एके काळी गावच्या भजनात पुढे बसायच्या. उजव्या हातात छोटी घंटा घेऊन त्या यात्रेचं गाणं उचलायच्या तेव्हा करुणामयी कान्नोन देवी उंबऱ्यात येऊन बसली असं वाटायचं. लेक गेला, आणि त्यांनी घंटा कापडात गुंडाळून फडताळात ठेवून दिली. ज्या घरातलं गाणं थांबतं, त्या घराच्या दारातून देव रोज हळूच डोकावून परत जातो, असं मला आपलं वाटतं.

किनुए अखेर हात पुसत बाहेर आली. ताट तसंच होतं. झाकण चटईवर उताणं पडलेलं. कोपऱ्यातली काठी नव्हती, आणि सासूबाईही नव्हत्या.

म्हातारी कुठे गेली असेल हे तिला सांगावं लागणार नव्हतं. कुमोतोरीच्या घाटवाटेवर आपली मेलेली माणसं भेटतात, हे इथलं लहान मूलही जाणतं. पांढऱ्या कपड्यांत, एकटीच, समोरून चालत येतात आणि काही न बोलता निघून जातात. झाकण कोरडं निघालं होतं. आईला आता लेक भेटायचा तो त्याच वाटेवर.

तांदळाच्या पेटीत लपवलेलं पुडकं काढून तिने छातीशी धरलं आणि धावत सुटली. आता लपवायचं काय आणि कोणापासून?

पुलाशी शेजारच्या कुमे काकू मुळे धूत होत्या. "काय गं, आज म्हातारीला हाकललंस वाटतं? रानडुकरासारखी चढ चढत गेली. हाक मारली तर वळूनसुद्धा बघेना."

"किती वेळ झाला, काकू?"

"माझे चार मुळे धुऊन झाले. थांब की, असा काय चेहरा केलायस..."

किनुए थांबली नाही. वाट ओली होती, शेवाळलेल्या दगडी पायऱ्यांवरून तिचा पाय दोनदा सटकला. उंच देवदारांतून वारा सुटला होता आणि प्रत्येक वळणावर तिला काहीतरी पांढरं हललेलं दिसायचं; जवळ जावं तर धुकं. ऐंशीला आलेली बाई, एका गुडघ्यात जीव नाही, पडली असेल तर, दरीकडे गेली असेल तर... आणि मनाच्या तळाशी, देवा क्षमा कर, एक वेडा विचार: ते खरंच समोरून आले तर? मी काय म्हणू त्यांना? आजपर्यंत सांभाळलं, पुढे जमत नाही, असं म्हणू?

ज्या मोठ्या शेवाळी खडकावर आमच्या डोंगराचे तीन देव बसून चहा पितात आणि गप्पा मारतात म्हणतात, तिथे मासुनोबाई तिला दिसल्या. खडकासमोर मातीत बसल्या होत्या, काठी आडवी मांडीवर, नजर वरच्या वाटेकडे.

"घरी जा," न वळताच त्या म्हणाल्या. "यात्रेकरूंचे डबे राहिलेत."

"आई, चला. गार आहे इथे."

"माझा लेक इथून जाईल. त्याला एक सांगायचंय मला. तूच का आलास असं मी विचारलं होतं त्याला. ते परत घ्यायचंय."

किनुए त्यांच्या मागेच खाली बसली.

"तुम्हाला... आठवतं?"

"आठवतं? अगं, त्या दिवसापासून मला दुसरं काही ऐकूच येत नाही. तुझ्यावर ओरडले की तेवढ्यापुरता तो आवाज दबायचा. मला वाटायचं, आज ही उलटून बोलेल, म्हातारे तूच घालवलंस त्याला म्हणेल, आणि मला एकदाचं रडता येईल. पण तू आपली हो आई, चुकलं आई... अकरा वर्षं तू मला रडू दिलं नाहीस, किनुए."

"त्यांनी शपथ घातली होती. तुम्हाला कळू द्यायचं नाही म्हणून."

म्हातारी वळली. दोघींतली एक माहीत असलेलं लपवत आली होती, दुसरी माहीत नसल्याचं सोंग करत आली होती, आणि मध्ये तो एक माणूस रोज वाढलेल्या ताटापाशी न येता तसाच उपाशी राहिला होता.

किनुएने पुडक्याची गाठ सोडली आणि चिठ्ठीतलं सगळं सांगितलं. अंगरखा विटला होता, खांद्यांवर झिजला होता, आणि पाठीवर देवळादेवळाचे लाल शिक्के एकावर एक उमटून जागाच उरली नव्हती. मासुनोबाईंनी तो डोळ्यांजवळ धरला. कॉलरच्या आत शाईने नाव लिहिलेलं होतं. त्यांनी बोटाने एक एक अक्षर चाचपलं.

"हे इसाओचं नाव आहे."

"हो, आई." ज्याला चालता येत नाही त्याच्या बदली दुसऱ्याने चालायचं, आणि पुण्य त्याच्या नावावर घालायचं, आमच्या यात्रेत हे चालतं. शिक्क्यांचा असा अंगरखा शेवटी त्याच्या शवपेटीत ठेवतात. "भाऊजींची पेटी रिकामी गेली होती ना... म्हणून."

"आणि शेवटी त्याच्या स्वतःच्या अंगावर काय घातलं असेल गं?"

"देवळातल्यांनी त्यांच्यातला एक दिला. चिठ्ठीत पुढे तसंही लिहिलंय."

तेव्हा मासुनोबाईंना रडू आलं. मातीत कपाळ टेकून, अंगरखा तोंडाशी दाबून त्या रडल्या, आणि किनुए त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिली... इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने सासूबाईंना स्पर्श केला होता. रडता रडता हुंदक्याला सूर लागला. यात्रेचं ते जुनंच गाणं, फाटक्या आवाजात, घंटेवाचून. दुसऱ्या ओळीला किनुए त्यात मिसळली. खालून चढत आलेले सहा यात्रेकरू टोप्या काढून बाजूला उभे राहिले. डबे मिळाले नाहीत हे कोणी बोललं नाही.

दोघी घरी पोचल्या तेव्हा दुपार झाली होती. मासुनोबाईंनी चूल स्वतः पेटवली. सुनेला लुडबुडू दिलं नाही.

"बस तिथे," त्या म्हणाल्या. बोट तेइजीच्या जागेकडे होतं.

"आई, ती त्यांची जागा आहे."

"ताट असतं वाटेवरच्या माणसासाठी. तो पोचला. आता या घरात वाटेवर दुसरं कोण होतं? एकटीच चालत होतीस ना इतकी वर्षं? मी कधी विचारलं नाही जेवलीस का म्हणून. बस."

ताट तिच्यापुढे आलं. भात, मुळ्याचं लोणचं, आणि झाकलेली वाटी. किनुएला हात पुढे करवेना. मासुनोबाई समोर गुडघे टेकून बसल्या होत्या, एक गुडघा वाकत नव्हता तरी.

"उघड की."

तिने झाकण उचललं. आतले थेंब ओघळले आणि एक तिच्या मनगटावर पडला, कढत. म्हातारी रोजच्या सवयीने पुढे झुकून निरखत होती.

"आहेत ना गं?"

"आहेत, आई."

"मग जेव. निवतंय."