चार नंबरचा तक्ता

सकाळी पावणेअकराला बारकी प्रॅक्टिकल हॉलची किल्ली आणायला ऑफिसात गेली, तेव्हा शिपाईमामांनी नेहमीसारखी चेष्टा केली नाही. एरवी ते म्हणायचे, "अगं, खिशात दोन दगड ठेव, पंख्याच्या वाऱ्यानं उडशील." आज त्यांनी किल्ली टेबलावरून सरकवली आणि हळूच विचारलं, "पाच वाजता आहे ना तुझं?"

"हो, मामा."

पाच वाजता चौकशी समिती बसणार होती. बारकी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. अंगानं काडी, म्हणून सगळं होस्टेल तिला बारकीच म्हणायचं. गेल्या सोमवारी वॉर्डात दहाच्या फेरीला सात नंबरच्या आजोबांची नाडी आणि बीपी बघायचं तिच्याकडून राहून गेलं, आणि तिनं तक्त्यावर आठ वाजताचेच आकडे पुन्हा उतरवले. "मागचंच लिहून टाक गं, सगळ्या तेच करतात," असं एक सिनिअर ताई तिला पहिल्याच वर्षी शिकवून गेली होती. तासाभरात आजोबांना दरदरून घाम फुटला. डॉक्टर तक्ता बघतात तर सगळं ठणठणीत. पोटात मात्र रक्तस्राव सुरू होता. आजोबा वाचले, पण अगदी थोडक्यात. स्ट्रेचरमागून धावणाऱ्या त्यांच्या लेकीनं बारकीचा हात धरून विचारलं होतं, "सिस्टर, दहा वाजता तुम्ही बघितलं होतंत ना हो?"

बारकीनं मान डोलावली होती. त्या मान डोलावण्यानंच तिची झोप उडाली होती.

"रडून माफी माग," आई फोनवर म्हणाली. "घाईत आकडा चुकला म्हण. नाव कमी केलं तर काय करशील बाळा?"

"आकडा चुकला नाही, आई. मी मोजलंच नाही. तेच सांगणार आहे."

समितीपुढे जायच्या आधी ट्यूटर मॅडमनी एक शिक्षा दिली होती. अकरा ते चार, दर तासाला, हॉलमधल्या सरावाच्या सहा डमींची नाडी आणि श्वास बघायचा. प्रत्येक नाडी पूर्ण एक मिनिट. आणि मिळेल ते लिहायचं. "नसलेली नाडी मोजायला लागलीस की कळेल, मोजणं कशाला म्हणतात," मॅडम म्हणाल्या होत्या.

हॉल इमारतीच्या मागच्या बाजूला होता. खिडक्यांना दुधी काचा, त्यामुळे आत भरदिवसासुद्धा उजेड साय धरल्यासारखा. फिनेल आणि जुन्या रबराचा वास. सहा लोखंडी खाटा, त्यांवर गळ्यापर्यंत चादर ओढलेल्या सहा डमी. आत यंत्र नाही, तार नाही. रबराची कातडी आणि आत ठासून भरलेला कापूस, बस्स. इंजेक्शनं टोचून टोचून त्यांच्या दंडांची चाळण झाली होती.

अकराला बारकीनं सहा वेळा शून्य लिहिलं. बाराला पुन्हा सहा. पहिल्यांदा तिला हसू आलं, मग कंटाळा, आणि मग खरंच काहीतरी उमगायला लागलं. एक मिनिट किती मोठं असतं! सोमवारी तिनं आजोबांना तेवढंही दिलं नव्हतं.

एक वाजता चार नंबरच्या मनगटावर तिनं बोटं ठेवली, आणि बोटांखाली काहीतरी हललं.

तिनं हात झटकला. मग स्वतःलाच दटावलं. बोटं जोरात दाबली की आपलीच नाडी आपल्याला लागते, हे पहिल्या महिन्यात शिकवतात. तिनं बोटं पुन्हा हलकेच ठेवली आणि दुसरा हात आपल्या गळ्याशी नेला. तिची स्वतःची नाडी घोड्यासारखी उधळली होती. बोटांखालची मात्र सावकाश चालली होती. एक... मग थांबून... दोन. मिनिटाला बावन्न.

पेन हातात धरून ती बराच वेळ उभी राहिली. शून्य लिहिलं तर खोटं. बावन्न लिहिलं तर कोण विश्वास ठेवणार? आकडे बनवले म्हणून पाच वाजता जिची चौकशी आहे, तिनं कापसाच्या बाहुलीला नाडी लिहायची!

तिनं बावन्न लिहिलं.

दोनला ती चव्वेचाळीस होती. बारीक, दोऱ्यासारखी. बारकीनं खाटेचा पायाकडचा भाग उंच केला, अंगावर आणखी एक चादर घातली. माणसासाठी केलं असतं ते सगळं केलं. भिंतीवरच्या फोनवरून मॅडमना निरोप ठेवला. मॅडम मीटिंगमध्ये होत्या.

तीनला खिडकीबाहेरचे सगळे आवाज विझल्यासारखे झाले. पंखा फिरत होता, पण त्याची कुरकुर ऐकू येत नव्हती. ती मनगट शोधत वाकली, आणि अगदी कानाशी, दमलेल्या मुलीचा असावा असा आवाज आला...

"मागचंच लिही ना..."

बारकीनं चटकन मान वळवली. रबराचे ओठ मिटलेलेच होते.

"सगळ्या... तेच करतात... तू पण..."

"हो, मी पण केलं," बारकी म्हणाली. बोटं तिनं मनगटावरून हलवली नाहीत. "आता नाही करणार. गप्प राहा. माझं मोजणं चुकेल."

आवाज थांबला. अडतीस भरली.

चारला मॅडम आल्या. तक्ता बघून त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. "हे काय? अजून थट्टा सुचते तुला?"

"मोजलं ते लिहिलंय, मॅडम. तुम्ही बघा."

मॅडमनी रागारागानं चार नंबरचं मनगट उचललं, घड्याळाकडे बघितलं. एक मिनिट झालं. त्यांनी हात सोडला नाही. दुसरं मिनिटही गेलं. मग त्यांनी मनगट फार जपून चादरीवर ठेवलं आणि बोटं एप्रनला पुसली, पुन्हा पुन्हा पुसली.

"काही नाही," त्या म्हणाल्या. बारकीकडे मात्र त्यांनी बघितलं नाही.

पाच वाजता लांबलचक टेबलामागे चौघं बसली होती, कडेच्या खुर्चीत ट्यूटर मॅडम. बारकीनं सगळं सांगितलं. मोजलं नाही, मागचं उतरवलं, आजोबांच्या लेकीशीही खोटं बोलले. अध्यक्षांनी डमीचा तक्ता पुढे सरकवला.

"आणि हे? गंमत केली म्हण, इथेच विषय मिटवू."

"गंमत नाही, सर. मोजून लिहिलंय."

"म्हणजे नाव कमी झालं तरी चालेल?"

"चालणार नाही, सर. पण न मोजता मी आता शून्यसुद्धा लिहिणार नाही."

शेवटी ट्यूटर मॅडमच म्हणाल्या, "राहू द्या तिला. मोजते ती." त्यांचे हात टेबलाखाली होते.

दोन महिने वॉर्डाचं काम पुन्हा करायचं, आणि आजोबांच्या लेकीसमोर जाऊन खरं सांगायचं, असं ठरलं. बारकीनं दुसरी गोष्ट त्याच संध्याकाळी केली. लेकीनं नुसतं दार लोटून घेतलं. ते बारकीला बरोबरच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाइलला लावायला हॉलमधले बाकीचे तक्ते आणायचे होते. मॅडमनी कुलूप उघडून दिलं, पण त्या उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. "किल्ली रात्रभर माझ्याच पर्समध्ये होती," त्या उगीचच म्हणाल्या.

चार नंबरच्या पायथ्याशी एक नवा तक्ता अडकवलेला होता. अक्षर सुबक, जुन्या वळणाचं.

रात्री दहा. आडवी झाली. झोप नाही. नाडी ९६.

एक. उठून पाणी प्यायली. नाडी ९०.

तीन. उशीत तोंड खुपसून रडली. नाडी १०४.

बारकी खाटेचा गज धरून उभी राहिली. ही तिचीच रात्र होती. खोलीतली मैत्रीण रात्रपाळीला होती. होस्टेलच्या खोलीत बारकी एकटीच होती, आतून कडी लावून.

पावणेआठ. इकडे यायला निघाली. नाडी ११२.

आठ. नाडी १२८.

तिनं घड्याळ बघितलं. आठला एक मिनिट कमी होतं. तिनं आपल्याच मनगटावर तीन बोटं ठेवली आणि काट्यावरची नजर न हलवता मोजत राहिली. काटा बारावर आला तेव्हा एकशे अठ्ठावीस झाले होते.

त्याखाली नऊ वाजताचाही रकाना भरलेला होता.

"झालं का गं...?" दाराबाहेरून मॅडमनी विचारलं.

"नाही, मॅडम. अजून एक बाकी आहे."

नऊचा आकडा तिनं वाचला नाही. तो रकाना तळहातानं झाकला, पायानं स्टूल ओढलं, आणि चार नंबरच्या शेजारी, नऊ वाजायची वाट बघत बसली.