खड्ड्यावरचा कंदील

"आधी कंदील खड्ड्यात उतरव. विझला तर वाकूनसुद्धा बघू नकोस. आणि खांबाला टांगू नकोस. खालची माणसं त्याच्याकडं बघून असतात."

सोलापूरच्या दवाखान्यात न्यायला यष्टीत बसवलं तेव्हा आमचे मालक मला, त्यांच्या बायकोला, एवढंच बोलले. अंगात ताप होता, पण शब्द सरळ होते.

त्र्याहत्तर सालचा उन्हाळा. मंद्रूपच्या पुढं माळावर तेल शोधणाऱ्या एका कंपनीनं बोअर मारलं होतं. तेल निघालं नाही. निघाला तो वायू, त्यात आग जगत नव्हती आणि माणूसही. साहेबांनी तो परत जमिनीत दाबला, वर सिमेंट घातलं, लोखंडी झडप बसवली. झडपेभोवती दीड पुरुष खोल विटांचा खड्डा, आणि राखणीला मालक. हा वायू जड असतो, सुटला तर पाण्यासारखी सखल जागा धरतो, असं ते सांगायचे. सखल जागा म्हणजे खालचा ओढा. तिथं रंभाबाईची माणसं विहीर खणत होती.

मालकांच्या जागी मी उभी राहिले. पहाटे अंघोळ, इष्टलिंगाची पूजा, मग हात धुऊन माळावर. पूजेआधी पाणी प्यायचं नाही, हा माझा लग्नाआधीपासूनचा नेम. दोरानं कंदील खड्ड्यात सोडायचा, अकरा जप होईपर्यंत थांबायचं, वर ओढायचा. जळत असला की खांबाला टांगायचा. मग ओढ्यातून रंभाबाई हात वर करायची आणि तिचा मुलगा येडू विहिरीत उतरायचा. आपला दिवा आत सोडून बघायचं त्यांनी केव्हाच बंद केलं होतं.

"रॉकेल मिळतंय कुटं?" ती हसायची. "आमचा दिवा म्हंजी तुमचाच की, आक्का. गुरप्पाण्णांचा ताप उतरला का?"

सोमवारी कंदील तळाला टेकला आणि विझला. वारा नव्हता. मी घाईनं दोर ओढला. वर आला तो जळत.

विझलेला मी डोळ्यांनी बघितला होता. मला वाटलं, कृपा. हात जोडले आणि टांगला.

मंगळवारी तेच झालं. या खेपेला वातीवरची काजळी कुणीतरी झाडलेली होती. तरी टांगला.

दुपारी रंभाबाई आली. ती हसत नव्हती.

"येडूला खाली घेरी आली. वडून काढला. आक्का, कंदील विझत तर न्हाय न्हवं?"

"विझतो," मी म्हटलं. "पण वर येतो तो पेटलेला."

"मग पेटवतंय कोण?"

मी खांबावरच्या कंदिलाकडं बघितलं.

"उद्या खाली विझला तर टांगू नका. टांगला न्हाय तर आमी उतरत न्हाय. आन् सोताच्या पायानं येऊन सांगा. एकच पोरगं हाय माजं."

गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवून मी शब्द दिला.

बुधवारी तो तळाला विझला. वर आला तो जळत. काचेवर विभूतीची तीन बोटं ओढलेली होती. मी पदरानं पुसली. निघाली नाहीत. ती आतल्या बाजूनं होती.

मी फुंकर मारली. ज्योत हललीही नाही. वात पार खाली केली. ज्योत होती तेवढीच राहिली.

मग कंदील राखणीच्या खोपीमागं जमिनीवर ठेवला. त्यावर पाटी पालथी घातली, पाटीवर दगड ठेवला. आणि ओढ्याकडं निघाले.

उतरणीच्या तोंडाशी आले तेव्हा खाली रंभाबाईनं हात वर केला. रोजच्यासारखा. येडूनं दोर धरला.

मी मागं वळून बघितलं.

कंदील खांबावर होता.

माझा आवाज कधी अंगणाबाहेर गेलेला नाही. मी पदर खोचला आणि ओढ्यात उतरायला लागले.