सातवा सुरुंग

"हात काढ बे, तार तुटंल," पुष्पा इंद्रभानवर खेकसली.

बांधाआड, कडुलिंबाखाली, बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडा होता. आत इंद्रभानच्या मामांच्या मोडक्या रेडिओचे दोन व्हॉल्व्ह, बाजूला बॅटऱ्या, वर पत्र्याचा भोंगा. बोलायला भंगारातल्या टेलिफोनचं तोंड. उन्हाळ्याच्या सुटीतले अकरा दिवस त्यात गेले होते. तारा जोडायला पिना मिळेनात, तेव्हा पुष्पानं आईच्या जुन्या चोळीची पितळी टिचबटनं उसवली आणि तारा त्यांना सुईनं शिवल्या. दाबलं की जोडलं, ओढलं की सुटलं.

"मावशीले समजलं त तुलेच शिवंल," इंद्रभान म्हणाला.

समोर देऊळघाट गावाची नवी विहीर खोदली जात होती. कालच्या सुरुंगाचा धोंडा सोजराबाईंच्या शेळीच्या डोक्यात बसला, शेळी जागच्या जागी मेली. मुकादम उकंडराव म्हणाले, "शेळीनं पाहून चरावं." त्याच विहिरीत पुष्पाचे वडील, शेषराव, कामाला होते.

आज सात सुरुंग भरले होते. प्रत्येक बार उडाला की उकंडराव मोजायला एक खडा बाजूला टाकत. सात खडे झाले की माणसं खाली उतरत. जमिनीच्या पोटातला आवाज कसा येतो ते ऐकायला पुष्पानं टेलिफोनचं तोंड मातीत पुरलं आणि भोंग्याला कान लावला.

धडाड! मग एकामागून एक. आभाळात दगड उडाले, कडुलिंबाची पानं झडली.

"सात," इंद्रभान म्हणाला.

"सहा. म्या सहाच ऐकले."

"कान फुटले तुहे. सातवा बारीक होता, कड्याकडून आला."

 पुष्पानं समोरच्या डोंगरकड्याकडे तोंड करून "ओ" म्हटलं. कडाही "ओ" म्हणाला.

पहिल्या बारांचे पडसाद एकमेकांत मिसळले होते. शेवटच्याचा तेवढा एकटा ऐकू आला, आणि उकंडरावांनी त्यालाच सातवा खडा दिला. जमिनीनं मात्र तो ऐकलाच नव्हता. एक सुरुंग अजून जिवंत होता, त्याची वात आत धुमसत होती.

खाली घणांचे आवाज सुरू झाले.

दोघं मातीतलं टेलिफोनचं तोंड उपसून, डबा, बॅटऱ्या उचलून विहिरीकडे पळाले. "मुकादमकाका, एक उडाला नाही," पुष्पा धापा टाकत म्हणाली.

"सात खडे टाकले म्या. पोरी, तू मले मोजणं शिकवतं?"

"पडसाद होता तो," इंद्रभान बोलला, आणि त्याच्या थोबाडीत मुकादमाची अशी बसली की ओठ फुटून सदऱ्यावर रक्त सांडलं. डबा धोंड्यावर आपटला, तार सुटली. पुष्पानं काठावरून हाका मारल्या. घणांपुढे त्या खाली पोचेनात.

तिनं गुडघ्यांवर बसून सुटलेल्या तारेचं टिचबटन दाबलं आणि टेलिफोनचं तोंड ओठांशी धरलं. टच्.

"बाबा, वर या. एक सुरुंग जित्ता हाय."

विहीर त्या आवाजानं दणाणली. घण थांबले. शेषरावांनी वर पाहिलं. "काऊन वं?"

"आधी वर या न."

उकंडरावांनी लाथ मारून भोंगा चेपवला. दुसरी लाथ पुष्पाच्या दिशेनं येताना इंद्रभाननं त्यांच्या पोटरीला दात लावले, सोडलेच नाहीत. एक गडी वर आला, दुसरा आला. शेवटी शेषरावांचा हात काठावर दिसला. पुष्पानं मनगट धरून सारं अंग मागे टाकलं.

खालून जमीन फाटली. शेषराव तोंडावर आपटले, पाठीवर खडे बरसले. दगडाचा एक खडपा सणसणत आला आणि उकंडरावांच्या खांद्याचं हाड मोडल्याचं सगळ्यांनी ऐकलं.

धूर विरला तेव्हा पाटील अर्जुनराव धावत आले. कण्हत पडलेले उकंडराव म्हणाले, "पोरगी खरं सांगून राह्यली होती. म्या पडसाद मोजला."

पाटलांनी रक्ताळलेल्या इंद्रभानला जवळ घेतलं. "उद्यापासून या दोघाईनं हो म्हटल्याबिगर कोणी खाली उतरायचं नाही."

पुष्पा मात्र हुंदके देत होती. शेषरावांचे कान बधिर झाले होते. आपण तिच्या कानात हळूच बोलतोय असं वाटून ते केवढ्यानं ओरडले, "रडू नोको वं माये, तुह्याच आवाजानं जगलो म्या," आणि वेशीपर्यंतच्या बायका बाहेर आल्या.